शेक संपले तरी फाइल माळ्यावर टाकू नका

तासगावात माझं मेडिकल आहे. बावीस वर्षं काउंटरला उभा आहे. कॅन्सरवर किरणं देतात त्या रेडिएशनला आमच्याकडे रेडिएशन फारसं कुणी म्हणत नाही. ‘मिरजेला शेक चालू हायत’ म्हटलं की समजायचं. शेक चालू असतात तोवर सगळं घर डोळ्यांत तेल घालून असतं. शेवटचा शेक झाला की पेढे वाटतात आणि फाइल माळ्यावर जाते. आम्हीही तेच केलं.

२०१६ साली आईला खालच्या हिरडीचा कॅन्सर निघाला. चाळीस वर्षांची मिशरी, तव्यावर भाजलेली, दिवसातनं तीनदा. ऑपरेशन झालं, मग ३० शेक. रोजचे २ ग्रे (ग्रे म्हणजे किरणांच्या डोसाचं माप), म्हणजे एकूण ६० ग्रे. आठवड्यात पाच दिवस, सहा आठवडे. चौथ्या वर्षी त्याच बाजूची दाढ ठणकायला लागली. आई म्हणाली, “आरं, एक दाढ ती. काढली की सुटलो.” जवळच्या दवाखान्यात नेलं, पाच मिनिटांत दाढ बाहेर. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. औषधं विकणारा माणूस मी, तरी सांगितलं नाही, हे अजून टोचतं. तीन महिने झाले तरी जखम भरेना. एका रात्री मोबाइलची बॅटरी मारून बघितलं तर हिरडीतनं हाड डोकावत होतं. पिवळट, कोरडं. चमच्याचं टोक लागलं तरी आईला कळलं नाही.

असं का झालं ते कळलं, तर पुढची काळजी पाठ करावी लागत नाही. रक्तवाहिनीला आतून पेशींचं अस्तर असतं, एकाच थराचं. केसापेक्षा बारीक वाहिन्यांत, जिथनं तांबड्या पेशी एकामागोमाग एक अंग चोरून जातात, तिथं तर भिंत म्हणजे जवळजवळ हे अस्तरच. रक्त गोठू न देणं, बाहेर काय पाझरू द्यायचं ते ठरवणं, नायट्रिक ऑक्साइड सोडून वाहिनी सैल ठेवणं, ही सगळी कामं त्याची. (या वायूचं काम शोधणाऱ्या तिघांना १९९८ चं नोबेल मिळालं. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवतात ती गोळीसुद्धा शरीरात हाच वायू देते.)

शेक लागले की या पेशी फुगतात, त्यांच्यातले सांधे सैल होतात, पाणी बाहेर झिरपतं. त्यांचा पृष्ठभाग चिकट होतो, पांढऱ्या पेशी तिथं अडकतात. सुरुवातीच्या लालीत आणि सुजेत याचा मोठा वाटा. ही सूज बहुतेक वेळा उतरते. खरी मेख पुढं आहे. हे अस्तर फार सावकाश नवं होतं. आतला डीएनए तुटलेला असला तरी पेशी महिनोन् महिने तशीच तगून राहते आणि एकीच्या दोन व्हायची वेळ आली की मरते. मग बारीक वाहिन्या एकेक बंद पडतात आणि भोवती चिवट धागे धरतात.

आमच्या भागात हे द्राक्षबागेच्या ठिबकवरून लगेच पटतं. मेन लाइन चालू, पण निम्मे ड्रिपर क्षारानं चोकअप. वरनं बघितलं तर वेल हिरवा. बाग धरून राहते, कारण आहे तेवढ्या पाण्यावर भागतं. पण ऑक्टोबरची छाटणी घेतली की कळतं, फुटवाच येत नाही. दाढ काढणं ही आईच्या जबड्याची छाटणी होती.

म्हणून तोंडाला किंवा गळ्याला शेक ठरले की पहिलं काम दातांचं. सुरू व्हायच्या आधी दाताच्या डॉक्टरांना दाखवा. काढायचे असतील ते आधीच काढून, जखम भरायला दोन-तीन आठवडे मिळाले तर बरं. मात्र त्यापायी शेक किती थांबवायचे ते कॅन्सरच्या डॉक्टरांनाच ठरवू द्या. नंतर दात किडू नयेत म्हणून फ्लोराइडचं विचारा, कारण लाळ आटते. आणि पुढं कधीही त्या बाजूचा दात काढायची वेळ आली, तर आधी शेक दिलेल्या डॉक्टरांना फोन.

शेक चालू असताना त्या जागेवर हळद, कोरफड, बाम, गरम पिशवी काही नको. ‘शेक’ या शब्दानंच घोळ होतो; एका आजोबांना घरच्यांनी वरनं विटेचा शेकही दिला होता. सुती सैल कपडा, कोमट पाणी, मीठ आणि खायच्या सोड्याच्या गुळण्या. मलम डॉक्टरांनी लिहिलं तेच.

गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी पोटाला शेक घेतलेल्या बायकांचं वेगळं. वर्षा-दोन वर्षांनी परसाकडला रक्त पडतं आणि त्या माझ्याकडं मूळव्याधीचं मलम मागायला येतात, तेही लाजत, नवऱ्याला पुढं करून. बंद पडलेल्या वाहिन्यांच्या जागी आतड्यात पातळ भिंतीच्या, फुगीर लाल वाहिन्या तयार होतात, त्या सहज फुटतात. मी मलम देत नाही. रक्ताचं कारण दुसरंही असू शकतं, तेव्हा तपासणी हवीच. पण दुर्बीण घालणाऱ्या डॉक्टरांना शेकाचं आधी सांगा, कारण तिथनं तुकडा काढला तर ती जखमही चिघळू शकते.

डाव्या स्तनाला शेक असतील तर प्लॅनिंगच्या सीटीच्या (शेक कुठं द्यायचे ते आखायला काढतात त्या स्कॅनच्या) दिवशीच विचारा, श्वास रोखून देता येतील का. छाती फुगली की हृदय किरणांपासून थोडं लांब सरकतं. हृदयाच्या वाहिन्यांनाही हेच अस्तर आहे.

गळ्याच्या मोठ्या वाहिनीचंही तसंच. शेकानंतर काही वर्षांनी ती आतनं अरुंद होऊ शकते. बीपी, साखर, कोलेस्टेरॉल धरून ठेवा, गळ्याच्या डॉपलरचं (वाहिनीतलं रक्त कसं वाहतं ते बघायची सोनोग्राफी) डॉक्टरांना विचारा. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं तर अर्धा तास बरं वाटायची वाट बघत बसू नका, थेट मोठ्या दवाखान्यात. आणि तंबाखू? शेक घेऊन परत मिशरी लावणारी माणसं मी बघतो. त्यांच्याशी मी भांडतो, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

आईला पुढं पेंटॉक्सिफायलिन (बारीक वाहिन्यांतनं रक्त सहज वाहावं म्हणून देतात ते औषध) आणि ई जीवनसत्त्व बरेच महिने चाललं. ती दुकानात येऊन मागून घ्यायची औषधं नव्हेत, डॉक्टरांनी लिहिली तरच. मेलेल्या हाडाचा तुकडा काढावा लागला. जखम मिटायला सव्वा वर्ष गेलं.

आता फाइलमधला उपचाराचा सारांश शोधून एका कागदावर उतरवलाय: कुठल्या भागाला शेक, एकूण किती ग्रे, किती वेळा, सुरू कधी, संपले कधी, दवाखान्याचा फोन. खाली लाल पेनानं ‘उजव्या जबड्याचा दात विचारल्याशिवाय काढू नये’. दहा झेरॉक्स काढल्या, एक लॅमिनेट केली. ती आईच्या बटव्यात असते, पूर्वी मिशरीची डबी असायची त्या कप्प्यात. परवा डोळ्यांच्या डॉक्टरांकडं मोतीबिंदूला नेलं, तर मी तोंड उघडायच्या आत आईनं कागद टेबलावर ठेवला.