बाबांची स्टोमा बॅग बदलताना: आधी माप घ्या

मागच्या महिन्यात बाबांची कातडी सोलवटली ती माझ्या चुकीमुळे. इलिओस्टॉमीनंतर, म्हणजे लहान आतड्याचं तोंड पोटावर बाहेर काढायच्या ऑपरेशननंतर (त्या तोंडालाच स्टोमा म्हणतात), डिस्चार्ज मिळताना फ्लँजला, म्हणजे बॅग कातडीला धरून ठेवणाऱ्या चिकट चकतीला, 38 मिलीमीटरचं भोक कापायला सांगितलं होतं, मी 5 आठवडे तेवढंच कापत राहिले, वर वेळ वाचावा म्हणून दर रविवारी पुढचे फ्लँजही कापून ठेवायचे. तोवर स्टोमा 30 वर आला होता. मधल्या उघड्या कातडीवर रात्रंदिवस आतड्यातलं पातळ पडत होतं, त्यात पाचक रस असतात, ते कातडीलाही सोडत नाहीत. एका सकाळी बॅग काढली तर स्टोमाभोवती लालभडक ओलं कडं, जेवढी फट तेवढंच रुंद, कंपासने आखल्यासारखं. कोमट पाण्याचा थेंब लागला तरी बाबा कळवळले.

म्हणून मेजरिंग गाईड, म्हणजे बॉक्समधलं ते गोल भोकांचं कार्ड, सगळ्यात आधी काढून ठेवा. ऑपरेशनची सूज उतरताना 6 ते 8 आठवडे स्टोमा लहान होत जातो, तोवर दर आठवड्याला माप घ्यायचंच. भोक स्टोमापेक्षा 2-3 मिलीमीटर मोठं, बास. आधीपासून कापून ठेवू नका. जुना नमुन्याचा कागद असेल तर फाडून टाका.

वेळ सकाळची, चहाच्याही आधी, पोटात काही गेलं की स्टोमा थांबत नाही. कापड, कोमट पाणी, कात्री, कचऱ्याची पिशवी, नवी बॅग हे सांगायला नको. साबण, स्पिरिट, बेबी वाइप्स काही नको. आत्याने मायेने खोबरेल तेल लाव म्हटलं, पण तेलावर फ्लँज धरतच नाही, मग लीक आणि परत जळजळ.

फ्लँज ओढून काढू नका, एका हाताने कातडी दाबून धरत वरून खाली सोडवा आणि टाकायच्या आधी पालथा करून बघा, चिकट थर जिथे फुगलाय किंवा विरघळलाय तिथूनच पातळ शिरतंय. पुसून झालं की माप. माप झालं की कात्री. हा क्रम मोडायचा नाही.

कातडी ओली लाल असेल तर स्टोमा पावडर फक्त तेवढ्याच भागावर, जास्तीची झटकून टाका, वरून बिनअल्कोहोलचा बॅरियर वाइप, म्हणजे कातडीवर संरक्षक थर देणारा वाइप, हलकेच टेकवा आणि पूर्ण सुकू द्या. टाल्कम नको. फट भरायच्या पेस्टमध्ये बऱ्याचदा अल्कोहोल असतं, सोललेल्या जागी फार झोंबतं, त्यापेक्षा रिंग, म्हणजे स्टोमाभोवती बसवायचं मऊ चिकट वर्तुळ, वापरा. फ्लँज लावल्यावर तळहात 1-2 मिनिटं दाबून ठेवा, उबेने तो नीट बसतो. हो, सदाशिव पेठेतून सामान आणलंत तर पुण्याच्या मे महिन्यातल्या उन्हात स्कूटरच्या डिकीत ठेवू नका, चिकट थर मऊ पडतो, आमचा एक बॉक्स असाच गेला.

बाकी थोडक्यात. बॅग एक तृतीयांश भरली की रिकामी करा. फ्लँजखाली खाज किंवा जळजळ सुरू झाली तर दिवस न मोजता बदला. केस असतील तर ट्रिमर. लाल कड्याच्या बाहेर सुटे पुरळ आणि खाज असेल, विशेषतः घामाच्या दिवसांत, तर बुरशी असू शकते, डॉक्टरांना दाखवा, आपल्या मनाने क्रीम नको. दोन-तीन वेळा बॅग बदलूनही कडं ओसरलं नाही तर स्टोमा नर्सला गाठा. आणि स्टोमा जांभळा-काळा दिसला किंवा पोट दुखतंय आणि काही तास बाहेर काहीच येत नाहीये तर पावडर लावत बसू नका, तडक सर्जनला फोन.

आमचं कडं आता फिकट गुलाबी झालंय. गेल्या रविवारी माप 28 आलं, म्हणजे अजूनही उतरतंय. उद्यासाठी कार्ड आत्ताच बॉक्सच्या वर काढून ठेवलंय.