मित्रांच्या कथेत म्होरक्या बदलताना या चुका टाळा

चार-पाच जिवाभावाचे मित्र, त्यातला एक म्होरक्या, आणि कथा संपेपर्यंत म्होरक्या दुसराच. या विषयावरच्या कथा मी आवडीनं वाचते, आणि त्या बहुतेक एकाच जागी फसतात. म्होरक्याची जागा का गेली हे लेखक सांगतो, पण जाताना ती आपल्याला दिसत नाही.

समजा, गोष्ट गोविंदा पथकातली आहे. गुरुपौर्णिमेपासून चाळीच्या पटांगणात सराव चालू आहे. दोन वर्षं एक्का असलेला, म्हणजे सगळ्यात वर चढून हंडी फोडणारा पोरगा यंदा अकरावीत गेला आणि अंगानं भरला. तो चढू लागला की खालच्यांचे गुडघे थरथरतात. चौदा वर्षांखालच्या मुलांना थरावर चढवायला बंदी, त्यामुळे कुणी चिमुरडा आणता येत नाही. जागा जाते त्याच्याच जिगरी दोस्ताकडे. तो नववीतला, काटक, नुकताच चौदा पूर्ण झालेला.

इथे पहिली चूक होते ती भांडणाची. दोघांची बाचाबाची, कॉलर धरणं, “तू माझी जागा घेतलीस!” हे लिहू नका. तशी गरजच नाही, कारण वजन वाढलं यात कुणाचाच दोष नाही आणि दुखणं नेमकं तिथेच आहे. त्याऐवजी सरावानंतरची वडापावची पिशवी बघा. इतके दिवस ती आधी जुन्या एक्क्याकडे यायची. आज ती त्याच्या डोक्यावरून पुढे जाते. त्यानं उचललेला हात तसाच केसांतून फिरतो. एवढं पुरे.

हाकांकडे तर फारच कमी जण लक्ष देतात. आपल्याकडे मुलांच्या टोळीत मान हाकेत असतो. ‘भाई’चा पुन्हा ‘मंग्या’ कधी झाला आणि तसं पहिल्यांदा कोण म्हणालं, हे ठरवल्याशिवाय संवाद लिहायला बसू नका.

निष्ठा सगळ्यांची एकाच दिवशी फिरवणं हीसुद्धा चूक. एक जण लगेच नव्याच्या गळ्यात हात टाकतो, दुसऱ्याला लाज वाटत राहते, तिसरा दोघांकडे जाऊन दोन वेगळ्या गोष्टी बोलतो. मला विचाराल तर कथा या तिसऱ्याच्या नजरेतून सांगावी. त्याला दोघंही हवे आहेत, त्यामुळे तो सगळं टिपतो. आणि नव्याला खलनायक करू नका. वर चढताना त्याचेही पाय लटपटू द्या, आणि ते फक्त जुन्याला कळू द्या.

कथा मध्यावर थंड पडली, तर बहुतेक वेळा कारण एकच असतं: पायउतार झालेल्याला तुम्ही कोपऱ्यात बसवून ठेवलंय. तो खिडकीतून पाऊस बघतो, जुने दिवस आठवतो आणि पानं भरत जातात. त्याला काम द्या. आता तो अंगानं दणकट आहे, तेव्हा पथक त्याला सगळ्यात खालच्या थरात उभं करणार. म्हणजे दोस्ताचा तोल ज्यांच्यावर आहे, त्या खांद्यांत याचाही खांदा आला. तो जरासा हलला तरी वरचे सगळे खाली येतील, आणि हे त्याला ठाऊक आहे. इथून पुढे कथेला ढकलावं लागत नाही.

शेवटी त्या दोघांना मिठी मारायला लावण्याचा मोह फार होतो. अशी मिठी लिहून झाली असेल, तर ती खोडून आधीचा परिच्छेद वाचा. थर लागतायत, वरून पाण्याचा मारा चाललाय, जुन्या एक्क्याची मान खाली आहे. आपल्या खांद्यावरून वर जाणारा प्रत्येक पाय कुणाचा, हे तो न बघता ओळखतोय. शेवटचा पाय हलका आहे. तो खांदा थोडा पुढे करतो.