जनरेटर घराला जोडताय? आधी चेंजओव्हर बसवा

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं आणि श्रीवर्धनकडची कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. तेव्हापासून मला वायरमन म्हणून एक मागणी हमखास होते: "दोन्ही टोकांना पिना असलेली वायर बनवून दे, जनरेटरमधून सरळ घरच्या प्लगात घालतो."

ती वायर मी कुणालाही बनवून देत नाही. मेन चालू राहिला, की जनरेटरचे 230 व्होल्ट उलटे डीपीत, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये, शिरतात आणि पलीकडे लाइनवर 11,000 होऊन निघतात. लाइट बंद आहे म्हणून खांबावर चढलेला लाइनमन त्याने जाऊ शकतो. वायरचं एक टोक निसटलं तर उघड्या पिनांत करंट, तोही तुमच्या हाताशी.

मेन स्विच आणि डीबी (घरातल्या सगळ्या सर्किटांचा बोर्ड) यांच्या मध्ये चेंजओव्हर स्विच बसवून घ्या, परवाना असलेल्या माणसाकडूनच. एका बाजूला महावितरण, दुसऱ्या बाजूला जनरेटर, लोडच्या टर्मिनलवरून डीबी. स्विचचा दांडा एका वेळी एकीकडेच लागतो. सिंगल फेजला दोन पोलचा, थ्री फेजला चार पोलचा घ्या. फेजसोबत न्यूट्रलही तुटायलाच हवा. जनरेटरची बॉडी अर्थिंगला जोडा.

बाहेरच्या भिंतीवर इंडस्ट्रियल प्लग-सॉकेट लागतं आणि इथे नीट लक्ष द्या. पिना भिंतीकडे, भोकं जनरेटरकडून येणाऱ्या केबलला. उलट बसवलं तर केबल सुटताच जिवंत पिना उघड्या पडतात.

चालवताना डीबीतले सगळे एमसीबी (एकेका सर्किटचे छोटे स्विच) खाली, दांडा मधल्या शून्यावर. जनरेटर चालू करून स्थिर होऊ द्या, मग दांडा जनरेटरकडे. मग एकेक एमसीबी वर: आधी फ्रिज, तो सुरू झाला की दिवे-पंखे. अडीच केव्हीएचा जनरेटर म्हणजे जेमतेम अकरा अँपिअर. गीझर नकोच, आणि विहिरीचा पंप सुरू होताना कितीतरी पट करंट ओढतो, तोही बंद ठेवा.

पाऊस कितीही असो, जनरेटर पडवीत किंवा खिडकीखाली लावू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेली माणसं उठत नाहीत. घरापासून लांब, वर पत्रा पण चारी बाजू मोकळ्या, अशी जागा करा. पेट्रोल भरायचं ते इंजिन बंद करून, गार झाल्यावरच.

चेंजओव्हरच्या महावितरणकडच्या बाजूला एक इंडिकेटर लावून घ्या, लाइट आल्याचं कळतं. मग एमसीबी खाली, दांडा शून्यावर, जनरेटर बंद, आणि शेवटी दांडा महावितरणकडे.