कोकणात उपकेंद्राला रुजू होताना: वाडी, लस आणि घरभेट

एएनएम, जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग यांपैकी परिचारिकेचा एखादा अभ्यासक्रम करून रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातल्या आरोग्य उपकेंद्राला रुजू होणाऱ्यांसाठी हे टिपण आहे. लसीचा डोस, सुईची जागा, लोहाच्या गोळीची मात्रा तुम्ही शिकूनच आला आहात. कोकणात काम अडतं ते दुसरीकडे. आज ज्या बाळाचा डोस आहे ते गावात आहे, आईच्या माहेरी आहे की मुंबईला गेलं, हे कुणालाच धड सांगता येत नाही. निम्मी नोकरी या शोधातच जाते.

अजून शिकायला लागायचं असेल त्यांच्यासाठी थोडक्यात: बारावीनंतर एएनएम २ वर्षांचा, जीएनएम ३ वर्षांचा, बीएस्सी नर्सिंग ४ वर्षांचं. एएनएमला कोणतीही शाखा चालते, बीएस्सीला विज्ञान लागतं आणि सीईटी द्यावी लागते. यातलं काहीही केलं तरी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी हवीच. तिच्या नूतनीकरणाची तारीख लिहून ठेवा, नाहीतर नेमकी मुलाखतीच्या तोंडावर आठवते.

वाड्या आधी, रजिस्टर नंतर

सपाट भागात ५,००० आणि डोंगराळ भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असा निकष आहे. कागदावर ती चार-पाच गावं दिसतात. प्रत्यक्षात एकेका गावाच्या कितीतरी वाड्या असतात, एक सड्यावर, एक खाडीकाठी, एक पऱ्ह्यापलीकडे. सुरुवातीलाच आशाताईंना बरोबर घेऊन प्रत्येक वाडी पायी बघून या. प्रत्येक वाडीत घरं किती, गाडी कुठवर जाते, पावसात कोणता साकव पाण्याखाली जातो आणि मोबाइलची रेंज कुठे मिळते, एवढं वहीत टिपा. रेंजची गोष्ट किरकोळ वाटेल. पण रात्री कळा सुरू झाल्यावर १०८ला फोन लावायला माणसाला सड्यावर चढून जावं लागणार असेल, तर ते घरच्यांना आणि तुम्हाला आधीच ठाऊक हवं.

लसीकरण सत्राची वेळ वाडीच्या कामावरून ठरवा. कोळीवाड्यात सकाळी १० वाजता बायका बाजारात बसलेल्या असतात, काजूच्या कारखान्यात जाणाऱ्या संध्याकाळपर्यंत हाती लागत नाहीत, आणि लावणीच्या दिवसांत सकाळी घरी फक्त म्हातारी माणसं सापडतात. मायक्रोप्लॅनमध्ये, म्हणजे सत्रांच्या आराखड्यात, छापलेली वेळ वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोलून बदलून घेता येते. ती तशीच ठेवून ‘लाभार्थी आले नाहीत’ असा शेरा मारणं सोपं आहे, आणि बऱ्याच ठिकाणी तेच चालतं. सत्राची खबर गावकीच्या बैठकीत मानकऱ्यांकडून गेली तर भित्तिपत्रकापेक्षा जास्त माणसं येतात.

माहेर, सासर, मुंबई

पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात बाई येते, बाळाचा जन्माचा डोस इथे होतो आणि तिसऱ्या महिन्याच्या सुमारास ती सासरी किंवा मुंबईला जाते. म्हणजे ६ आठवड्यांचा डोस होतो, १० आणि १४ आठवड्यांचे मध्येच हरवतात. उलट, मुंबईहून बाळंतपणाला आलेली बाई पालिकेच्या किंवा खासगी दवाखान्याचं कार्ड घेऊन येते आणि तुमच्या यादीत तिचं नावच नसतं. तिची नोंद आली त्या आठवड्यात करा. लस देताना बाळ कुठलं हे बघायचं नसतं, कोणत्याही गावचं बाळ कोणत्याही सत्रात लस घेऊ शकतं. जाणाऱ्या बाईच्या कार्डाचा आणि आरसीएच (सरकारी माता-बाल नोंदणी) क्रमांकाचा फोटो तिच्याच मोबाइलमध्ये काढून द्या. पुढचा डोस कोणत्या तारखेनंतर, ते कार्डावर मोठ्या अक्षरात लिहा. दोन फोन नंबर घ्या, एक तिचा आणि एक सासूचा. नवऱ्याचा नंबर असतोच, पण तो कामावर उचलला जात नाही.

आंबा बागांतल्या गुरख्यांची, म्हणजे नेपाळी कामगारांची मुलं आणि वीटभट्टी-कोळसाभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबांची मुलं कुणाच्याच यादीत नसतात. त्यांची गणना पावसाळा संपला की एकदा आणि बागेत फवारण्या सुरू झाल्या की पुन्हा करा. बागमालकाला विचारलं तर ‘पोरं नाहीत’ असं उत्तर येतं, म्हणून खोपटीपर्यंत स्वतः जा.

उशिरा आलेल्या बाळाबद्दल नव्या मुली हमखास गोंधळतात. डोस चुकला म्हणून पहिल्यापासून सुरुवात करायची नसते, जिथे थांबलं तिथून पुढे जायचं आणि पेंटाच्या (पाच आजारांवरच्या एकत्रित लशीच्या) दोन डोसांत किमान ४ आठवडे ठेवायचे. क्षयावरची बीसीजी १ वर्षापर्यंत देता येते. तिचा व्रण उठला नाही म्हणून पुन्हा टोचायची नाही. पेंटा वर्षाच्या आत सुरू झालं असेल तर वर्षानंतरही पूर्ण करता येतं, सुरूच झालं नसेल तर डीपीटीकडे (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वाताची लस) वळावं लागतं. एमआर (गोवर-रुबेलाची लस) राहून गेलेल्या मुलाला ती ५ वर्षांपर्यंत देता येते. हिपॅटायटिस बीचा जन्माचा डोस मात्र २४ तासांतच.

कॅरिअरमध्ये काय बिघडतं

लस उन्हाने खराब होते हे सगळ्यांना ठाऊक असतं. गोठून खराब होते हे विसरलं जातं, आणि आमच्या मते जास्त नुकसान तिथेच होतं. पेंटा, पीसीव्ही (न्युमोकोकलची), टीडी (धनुर्वात-घटसर्पाची), डीपीटी, हिपॅटायटिस बी, आयपीव्ही (टोचायची पोलिओची) गोठल्या की निकामी. डीप फ्रीझरमधून काढलेले कडक आईसपॅक तसेच कॅरिअरमध्ये, म्हणजे लशी न्यायच्या थंड पेटीत, घातले तर सत्राला पोचेपर्यंत पेंटा गोठलेली असू शकते. पुन्हा वितळली की बाटली वरून ठीक दिसते. व्हीव्हीएम, म्हणजे बाटलीवरचा रंग बदलणारा ठिपका, उष्णता मोजतो, गोठणं मोजत नाही, त्यामुळे त्याच्या आतल्या चौकोनाचा फिका रंग बघून निर्धास्त होऊ नका. आईसपॅक बाहेर काढून ठेवा, त्यावर घाम येऊ द्या आणि कानाजवळ हलवल्यावर आत पाणी खळखळलं की मग भरा. चार पॅक चार बाजूंना, लशी झिपच्या पिशवीत मध्ये. सत्र चालू असताना पेंटा किंवा पीसीव्ही आईसपॅकच्या खळग्यात टेकवू नका.

बीसीजी आणि एमआर विरघळवल्यावर लगेच वायलवर वेळ लिहा. ४ तासांनंतर ती टाकायची. यात जंतू वाढले तर बाळ दगावू शकतं, म्हणून इथे ‘अजून दोनच मुलं आहेत’ ही सबब चालत नाही. डायल्युअंट (लस विरघळवायचं द्रावण) त्याच कंपनीचं आणि लशीइतकंच थंड हवं. एका बाळासाठी दहा डोसची बीसीजी फोडायला मन धजत नाही, पण फोडायची. परत पाठवलेलं बाळ पुढच्या महिन्यात मुंबईला असतं.

जागा ठरलेल्या आहेत: बीसीजी डाव्या दंडावर, पेंटा डाव्या मांडीत, पीसीव्ही उजव्या मांडीत, एमआर उजव्या दंडावर. एफआयपीव्ही (आयपीव्हीचा छोटा डोस) ६ आणि १४ आठवड्यांना उजव्या दंडावर, ९ महिन्यांना डाव्या. जागा पाळल्या तर नंतर गाठ आली किंवा सूज आली की कोणत्या लशीची ते कळतं. सुईला टोपण परत लावायचं नाही, सुई कापायचा हब कटर टेबलावर हाताजवळ हवा. डोसानंतर आईला अर्धा तास बसवून ठेवा. एसटीची वेळ झालेली असते, ती उठायला बघते, म्हणून लांबच्या वाडीचं बाळ रांगेत पुढे घ्या. उठण्याआधी तिला कोणती लस दिली, काय त्रास होऊ शकतो, पुढची तारीख कोणती आणि कार्ड जपायचं, एवढं सांगा. ॲनाफिलॅक्सिस (लशीची जिवावर बेतणारी ॲलर्जी) किटमधल्या ॲड्रेनॅलिनची मुदत महिन्याला एकदा तपासा.

गरोदरपण आणि पावसाचं गणित

नोंदणी १२ आठवड्यांच्या आत, किमान ४ तपासण्या, दर महिन्याच्या ९ तारखेला पीएमएसएमए, म्हणजे सरकारी मोफत गरोदर तपासणीचा दिवस. दुसऱ्या तिमाहीपासून रोज एक लोहाची गोळी, एकूण १८०, आणि बाळंतपणानंतर आणखी १८०. कॅल्शियम दिवसातून दोनदा, पण लोहाबरोबर नाही. कोऱ्या चहाबरोबर लोहाची गोळी घेतली तर ती नीट अंगी लागत नाही, आणि चहा तर दिवसभर चालू असतो. रात्री जेवणानंतर घ्यायला सांगा. शौचाला काळं होतं हे आधी सांगितलं नाही तर तिसऱ्या दिवशी गोळ्या बंद होतात. ‘घेतेस ना?’ असं विचारू नका, रिकामी पाकिटं मागा. हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेलं, रक्तदाब १४०/९० किंवा वर आला, आधीचं सिझेरियन असलं, उंची १४५ सेंटिमीटरपेक्षा कमी असली, तर नाव जोखमीच्या यादीत.

गणपतीत चाकरमानी घरी येतात. तेव्हा राहिलेल्या दिवसांची तारीख मे-जूनमध्ये, ऐन पाऊस सुरू होताना पडते. जोखमीची बाई पलीकडच्या वाडीत असेल तर तारखेच्या दोन आठवडे आधी तिला रस्त्यालगतच्या नातेवाइकांकडे हलवा. हे बोलणं एप्रिलमध्येच घरच्यांशी करायला हवं. रुग्णालय ठरवताना इमारत बघू नका, फोन करून ‘आज भूलतज्ज्ञ आहेत का, रक्त मिळेल का’ हे विचारा. नसतील तर मध्ये वेळ न घालवता रत्नागिरी, ओरोस किंवा अलिबागच्या जिल्हा रुग्णालयाकडे. सरकारी रुग्णालयात बाळंतपण, औषधं, जेवण आणि गाडी जेएसएसके (जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम) याखाली मोफत आहे. बायकांना हे ठाऊक असतं, घरातल्या पुरुषांना पुष्कळदा नसतं.

मातृवंदना योजनेचे पैसे, पहिल्या बाळाला ५,००० आणि दुसरी मुलगी असेल तर ६,०००, अडकतात ते बहुतेक आधारवर माहेरचं आणि बँकेत सासरचं नाव असल्याने. नोंदणीच्या दिवशीच दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचा.

गणपती-शिमग्यासारख्या सणांमुळेच कुटुंब नियोजनही फसतं. नवरा मुंबईत किंवा आखातात, मग बाई म्हणते साधन कशाला. गणपतीला किंवा शिमग्याला तो आठ-दहा दिवस येतो आणि तेवढं पुरतं. छाया ही गर्भनिरोधक गोळी पाळीच्या पहिल्या दिवशी सुरू करून पहिले ३ महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा घ्यायची असते, ती आदल्या दिवशी देऊन भागत नाही. अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन दर ३ महिन्यांनी, ठरल्या तारखेच्या २ आठवडे आधी किंवा ४ आठवडे उशिरापर्यंत चालतं. टोचलेली जागा चोळायची नाही. पाळी अनियमित होते किंवा थांबते हे आधी सांगा, नाहीतर दुसऱ्या इंजेक्शनला कुणी येत नाही. म्हणून हे समुपदेशन आषाढातच उरकायला हवं. निरोध मात्र चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात आशाताईंकडे भरपूर असावेत.

बाळंतिणीच्या खोलीत

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने घरोघरी नवजात बालसेवेचं जे काम केलं, त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. आज आशाताई करतात त्या घरभेटींचं मूळ तिथे आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी भेट, घरी झालं तर पहिल्या दिवशीही. पुढे ३, ६, ९, १२ आणि १५ महिन्यांना. फॉर्मवर टिकमार्क पूर्ण असतात. त्यातल्या काही भेटींना तुम्ही स्वतः जा आणि श्वास मोजायला सांगा. पूर्ण एक मिनिट, बाळ शांत असताना. २ महिन्यांखालच्या बाळाचा श्वास ६० किंवा जास्त आला तर पुन्हा मोजायचा, दुसऱ्यांदाही तेवढाच आला तर लगेच पाठवायचं. २ ते १२ महिन्यांना ५०, १ ते ५ वर्षांना ४०. काखेतलं तापमान ३५.५च्या खाली किंवा ३७.५च्या वर हे दोन्ही धोक्याचं. जन्मवजन १.८ किलोपेक्षा कमी असेल तर एसएनसीयू, म्हणजे नवजात बाळांचा विशेष कक्ष.

पावसात दुपटी सुकत नाहीत. ओलसर दुपट्यात बाळ गार पडतं आणि मांड्यांना पुरळ येतं. जास्तीची दुपटी, इस्त्री, चुलीवरच्या दोरीवर वाळवणं, असलं काही सुचवा, आणि कमी वजनाच्या बाळाला आईच्या छातीशी कातडीला कातडी लावून ठेवायला शिकवा. सोडणं-करवंट्यांची धुरी बंद खोलीत चालते, तिथे बाळाला दम लागतो. शेक आईला द्या, बाळ दुसऱ्या खोलीत ठेवा, असं म्हटलं तर आजी ऐकते. ‘धुरी वाईट’ म्हटलं की पुढच्या भेटीला दार अर्धवटच उघडतं. मालीश चालेल, नाकाकानात तेल नको. नाळ कोरडी ठेवायची, तिला हळद-राख नको. बाळाला गुटी आणि मध द्यायचा नाही, यावर मात्र तडजोड करू नका.

पेज आणि दंडघेर

सहा महिन्यांनंतरचं खाणं म्हणजे पेज, आणि ती इतकी पातळ असते की पोट भरतं पण वजन वाढत नाही. चमचा तिरका केल्यावर घरंगळून जाईल ती पेज बाळाला नको. मऊ भात, मुगाचं वरण, कुळथाची पिठी, तेल किंवा तूप चमचाभर, काटे काढलेला मासा. वाटी २५० मिलिलिटरची धरून ६ ते ८ महिन्यांना दोन-तीन चमच्यांपासून अर्ध्या वाटीपर्यंत, दिवसातून दोन-तीनदा. ९व्या महिन्यापासून अर्धी वाटी तीन-चारदा, वर्षानंतर पाऊण ते एक वाटी. मासेमारीबंदीत, १ जून ते ३१ जुलै, कोळीवाड्यात पैसा आणि ताजी मासळी दोन्ही आटतात. त्या काळात जवळा-सुकट आहेच, फक्त मीठ नीट धुऊन घ्यायला सांगा.

दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी म्हणजे सॅम (अतितीव्र कुपोषण), ११.५ ते १२.५ मॅम (मध्यम कुपोषण). हे ६ महिन्यांपासून ५ वर्षांपर्यंत. पट्टी डाव्या दंडाच्या मध्यावर, आवळायची नाही. दोन्ही पावलांवर अंगठ्याने ३ सेकंद दाबून खळगा राहतो का बघा. राहिला तर दंडघेर कितीही असो, ते सॅमच. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी आडवं झोपवून मोजा. उभं करून मोजलं तर सुमारे ०.७ सेंटिमीटर कमी भरते आणि सॅमचं मूल मॅममध्ये लपतं.

जून ते सप्टेंबर

ओआरएसचं पाकीट पूर्ण १ लिटरमध्ये. ग्लासात अर्धं पाकीट घालण्याची सवय सगळीकडे आहे. द्रावण २४ तासांनंतर टाकायचं. झिंक १४ दिवस: २ ते ६ महिन्यांना १० मिलिग्रॅम, पुढे २०. जुलाब थांबले की झिंक थांबतं, म्हणून गोळ्या मोजून द्या आणि दुसऱ्या आठवड्यात आशाताईंना पाठवा.

चिखलणीच्या दिवसांत लेप्टोसाठी (चिखलपाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापासाठी) डॉक्सिसायक्लिन वाटलं जातं. वाटताना घरातल्या प्रत्येकासाठी पाकिटं एकदम हातात देऊ नका. गरोदर बाई आणि ८ वर्षांखालचं मूल यांना ते द्यायचं नाही, आणि पहिल्या दोन महिन्यांतली गरोदर बाई स्वतःहून सांगत नाही. आधी पाळीची तारीख विचारा. दोडामार्ग-सावंतवाडीकडे असाल तर माकडतापाकडे लक्ष ठेवा: उन्हाळ्यात मेलेलं माकड दिसल्याची खबर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा आणि ताप आलेल्याला जंगलात गेला होता का ते विचारा.

बदली झाली की वाड्यांची वही बरोबर नेऊ नका. येणाऱ्या सिस्टरला ती द्या, जोखमीच्या बायकांची यादी त्यात वेगळ्या पानावर, फोन नंबरांसह.