महासाथीच्या टेबलटॉप सरावांत काम करू पाहणाऱ्यांसाठी

सार्वजनिक आरोग्याची पदवी घेऊन नुकतेच बाहेर पडलेले आणि आपत्ती व्यवस्थापनाकडून या क्षेत्राकडे वळणारे तरुण सहकारी मला बहुधा एकच गोष्ट विचारतात: महासाथीच्या पूर्वतयारीसाठी घेतल्या जाणाऱ्या टेबलटॉप सरावांत आपण नेमके काय करायचे असते? जिल्हा आणि महापालिका पातळीवरील अशा सरावांची कथानके लिहिण्याचे व ते चालवण्याचे काम मी गेली काही वर्षे करते आहे. त्या अनुभवावरून नवख्यांना आधी कळायला हवे असे जे वाटते, ते येथे मांडते.

या सरावात निर्णय घेणारे अधिकारी एका सभागृहात बसतात. त्यांच्यापुढे एका काल्पनिक साथीची माहिती टप्प्याटप्प्याने ठेवली जाते आणि प्रत्येक टप्प्यावर, आता तुम्ही काय कराल, कोणत्या अधिकारात कराल आणि त्यासाठी लागणारी माणसे, वाहने व पैसा कोठून आणाल, हे विचारले जाते. बाहेर एकही रुग्णवाहिका हलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या मार्गदर्शिकेत चर्चेवर आधारलेला हा प्रकार ड्रिल, कार्यात्मक सराव आणि मैदानी सराव यांपासून वेगळा काढलेला आहे. कामाला लागण्यापूर्वी ती वाचावीच. आपल्याकडे एप्रिल २०२३ मध्ये देशभरातील रुग्णालयांत कोविडसाठी मॉक ड्रिल झाले, त्यात यंत्रे, खाटा आणि औषधे तपासली गेली. टेबलटॉपमध्ये तपासायचा असतो तो निर्णय: तो कोणाकडे जातो, किती वेळ अडतो आणि कोणाच्या सहीवाचून पडून राहतो.

कथानकातला रोग काल्पनिक असला तरी साधनसामग्रीचा आकडा खरा असला पाहिजे. जून २००१ मध्ये अमेरिकेतील अँड्र्यूज हवाई तळावर झालेला 'डार्क विंटर' हा देवीच्या साथीवरचा सराव मी प्रत्येक नवख्याला याच कारणासाठी अभ्यासायला सांगते. माजी सिनेटर सॅम नन राष्ट्राध्यक्षांच्या भूमिकेत होते, आणि ज्या राज्यात साथ सुरू झाल्याचे दाखवले होते त्या ओक्लाहोमाचे गव्हर्नर फ्रँक कीटिंग स्वतःच्याच भूमिकेत बसले होते. सहभागींच्या हाती लसीच्या सुमारे १ कोटी २० लाख मात्रा होत्या, म्हणजे तेव्हाच्या खऱ्या साठ्याइतक्याच. त्यामुळे लस आधी कोणाला द्यायची हा प्रश्न तात्त्विक उरला नाही. जिल्ह्यातही हेच करावे. औषध भांडारातला त्या आठवड्याचा साठा, चालू असलेल्या व्हेंटिलेटरची संख्या आणि भरलेली पदे मागवून घ्यावीत, आणि मंजूर पदांचा तक्ता बाजूला ठेवावा.

आता महाराष्ट्रातल्या कामाकडे येऊ. नवख्याने सर्वप्रथम जिल्ह्याची आरोग्ययंत्रणा कोणाकोणात विभागली आहे ते पाठ करावे. जिल्हा रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांकडे असते, प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे असतात, आणि शहरात महापालिकेचे वैद्यकीय आरोग्य अधिकारी आयुक्तांना उत्तरदायी असतात. जिल्हाधिकारी आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ खालील जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष या नात्याने या सर्वांना एका टेबलाशी आणू शकतात. साथरोग कायदा १८९७ चा आहे, मुंबईच्या प्लेगच्या काळातला, आणि त्याखाली कोणाला कोणते अधिकार मिळतात याची अधिसूचना निघावी लागते. सरावात पहिला तास बहुधा याच प्रश्नावर जातो, आणि तो जाऊ द्यावा असे माझे ठाम मत आहे.

कथानकासाठी मी वारंवार नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरकडे वळते. फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक तेथील कुक्कुटपालन केंद्रांत नोंदला गेला. पक्ष्यांच्या नमुन्यांची तपासणी भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत झाली, माणसांचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे गेले, आणि लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. सुदैवाने माणसांत लागण आढळली नाही. ती आढळली असती तर काय, हा प्रश्न कथानकाला पुरेसा आहे, कारण पशुसंवर्धन आणि आरोग्य हे दोन विभाग, दोन प्रयोगशाळा आणि दोन वेगळे कायदे त्यात पहिल्या दिवसापासून एकत्र यावे लागतात.

कथानक पुढे नेणाऱ्या प्रत्येक चिठ्ठीला आम्ही इंजेक्ट म्हणतो. चांगला इंजेक्ट लिहिणे हे या कामातले खरे कसब आहे. 'साथ वेगाने पसरत आहे, उपाययोजना सांगा' असे लिहिले की उत्तरेही तशीच गुळमुळीत येतात: समिती नेमू, जनजागृती करू, सर्वेक्षण वाढवू. त्याऐवजी असे लिहावे: शुक्रवार, सायंकाळी साडेसहा. तालुक्याच्या खासगी रुग्णालयात ताप व धाप लागलेले तीन रुग्ण दाखल आहेत, तिघेही एकाच पोल्ट्री शेडवर काम करतात, आणि त्यांपैकी एकाला नातेवाईक रात्रीच्या एसटीने गावी न्यायचे म्हणत आहेत. डॉक्टर फोन उचलतात. तो कोणाला लागतो?

एका जिल्ह्यात हाच इंजेक्ट दिल्यावर पहिली दहा मिनिटे सर्व काही सुरळीत चालले होते. घशातील स्रावाचे नमुने घेऊन त्याच रात्री पुण्याला पाठवू, असे ठरले. तेव्हा मागच्या रांगेत बसलेल्या प्रयोगशाळा तंत्रज्ञांनी हात वर केला आणि विचारले की नमुने ठेवायचे माध्यम तालुक्याला आहे का, शीतपेटीतला बर्फ पुण्यापर्यंत टिकेल का, आणि रात्री गाडी निघायची तर इंधनाच्या चिठ्ठीवर सही कोण करणार? रुग्णवाहिका नमुन्यांसाठी वापरायची की नाही यावर दोन अधिकाऱ्यांची मते वेगळी निघाली. पुढचा पाऊण तास त्या एका गाडीवर गेला. दुपारच्या जेवणाआधी रात्रीच्या नमुना-वाहतुकीचा लेखी आदेश तयार करण्याचे ठरले आणि तो कोण काढणार हेही नोंदवले गेले. त्या सरावाचे सर्वांत मोलाचे फलित मी तेच मानते.

तंत्रज्ञ बोलले, कारण त्यांना बोलता येईल अशी बैठक मांडलेली होती. जिल्हाधिकारी किंवा जिल्हा परिषदेचे सीईओ (मुख्य कार्यकारी अधिकारी) समोर असताना तालुका आरोग्य अधिकारी आपणहून 'साहेब, हे जमणार नाही' असे म्हणत नाहीत, आणि यात त्यांचा दोष नाही. म्हणून मी पहिल्या फेरीत प्रत्येकाकडून उत्तर कागदावर लिहून घेते, मग सर्वांत कनिष्ठ अधिकाऱ्यापासून वाचायला सुरुवात करते, आणि वरिष्ठांना शेवटी बोलण्याची विनंती आदल्या दिवशी भेटून करते. बहुतेक वरिष्ठ ती मानतात. हा सराव परीक्षा नाही, कोणाच्या गोपनीय अहवालात यातले काही जाणार नाही, हे जिल्हाधिकाऱ्यांनी स्वतः सुरुवातीला सांगितले तर सभागृहाचा नूरच बदलतो.

नवख्याला पहिल्या काही सरावांत बहुधा नोंदी घेण्याचे काम मिळते. ते दुय्यम समजू नये. कोण काय म्हणाले याइतकेच, कोणत्या प्रश्नावर सगळे गप्प झाले हेही लिहावे. 'ते आमच्याकडे येत नाही' हे वाक्य ज्या ज्या वेळी उच्चारले जाईल त्यापुढे वेळ घालावी. अहवालाचा निम्मा कच्चा माल तिथेच मिळतो.

अहवालाविषयी ब्रिटनचा अनुभव प्रत्येकाने मन लावून वाचावा. तेथे फेब्रुवारी २०१६ मध्ये मर्स या कोरोनाविषाणूच्या रोगावर 'अ‍ॅलिस' हा टेबलटॉप सराव झाला, आणि त्याच वर्षी १८ ते २० ऑक्टोबरदरम्यान इन्फ्लुएन्झाच्या महासाथीवर 'सिग्नस' हा त्याहून मोठा सराव झाला, ज्यात ९५० हून अधिक जण सहभागी होते. तीव्र महासाथीचा ताण पेलण्यास देशाची तयारी पुरेशी नाही, असा सिग्नसचा स्पष्ट निष्कर्ष होता. वृद्ध व परावलंबी लोकांची काळजी घेणारी व्यवस्था रुग्णालयांतून आलेला भार सोसू शकेल का, याची चिंता त्यात नोंदवलेली होती. बावीस तपशीलवार धडे लिहिले गेले. अहवाल सरकारने अधिकृतपणे प्रसिद्ध केला तो ऑक्टोबर २०२० मध्ये, कोविडची पहिली लाट ओसरल्यावर. जुलै २०२४ मध्ये ब्रिटनच्या कोविड चौकशी आयोगाच्या पहिल्या अहवालाने सांगितले की तयारी चुकीच्या महासाथीची, म्हणजे इन्फ्लुएन्झाची झाली होती, आणि निदान दर तीन वर्षांनी देशव्यापी सराव घ्यावा. सरावात त्रुटी सापडूनही माणसे वाचली नाहीत, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते. म्हणून मी अहवालात 'समन्वय वाढवावा' असे वाक्य लिहू देत नाही. प्रत्येक शिफारशीपुढे पदनाम, तारीख आणि लागणारा खर्च कोणत्या लेखाशीर्षातून होईल हे असलेच पाहिजे. हे तीन रकाने भरता येत नसतील तर ती शिफारस अजून तयार झालेली नाही असे समजावे.

एक खबरदारी वेगळी सांगायला हवी. ऑक्टोबर २०१९ मध्ये न्यूयॉर्कला झालेल्या 'इव्हेंट २०१' या सरावात काल्पनिक कोरोनाविषाणूची महासाथ दाखवली होती. काही महिन्यांतच खरी साथ आली तेव्हा तो सराव म्हणजे भाकीत किंवा कटच होता अशा अफवा उठल्या, आणि ते भाकीत नव्हते असा खुलासा आयोजकांना जानेवारी २०२० मध्ये करावा लागला. आपल्याकडे एका चिठ्ठीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर गेला तरी गावात घबराट होऊ शकते. कागदाच्या प्रत्येक पानावर आणि प्रत्येक स्लाइडवर ठळक अक्षरांत 'केवळ सराव' छापावे, कथानकात खऱ्या गावाचे नाव घालू नये, आणि जिल्हा माहिती अधिकाऱ्यांना आदल्या दिवशी कल्पना द्यावी.

शिक्षणाच्या वाटा अनेक आहेत. टाटा समाजविज्ञान संस्थेत किंवा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा पदव्युत्तर अभ्यास करता येतो, आणि डॉक्टरांसाठी राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राचे साथरोगशास्त्राचे प्रत्यक्ष क्षेत्रावरचे प्रशिक्षण उपयोगी पडते. पण कोणत्याही पदवीबरोबर एखाद्या जिल्ह्याच्या साथरोग सर्वेक्षण कक्षात बसून दैनंदिन अहवाल कसे येतात, कोणत्या प्राथमिक केंद्राचा येत नाही आणि का, हे पाहावे. सरावाची तारीख ठरवताना पाठपुराव्याच्या बैठकीची, साधारण सहा महिन्यांनंतरची, तारीखही त्याच पत्रात घालून घ्यावी. त्या बैठकीत नवे कथानक नसते. जुन्या अहवालातले तीन रकाने एकेक करून वाचले जातात आणि निघालेल्या आदेशांच्या प्रती टेबलावर ठेवल्या जातात.