जुन्या पावतीबुकातून नवा मोठा देणगीदार कसा शोधावा

खान्देशात दातृत्वाचा विषय निघाला की प्रतापशेठजींचं नाव येतंच. १९१६ साली अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं ते त्यांच्यामुळे. म्हणूनच असेल, पण आजही वाचनालयाच्या इमारतीचं किंवा शाळेच्या वर्गखोल्यांचं काम निघालं की कार्यकारिणी एखादा मोठा शेठ शोधायला लागते. माझं म्हणणं, आधी संस्थेचं कपाट उघडा. उद्या मोठी रक्कम देऊ शकेल असा माणूस बहुधा आजही तुम्हाला देतोच आहे, फक्त रक्कम लहान असल्यामुळे त्याच्याकडे कुणाचं लक्ष गेलेलं नाही.

सुरुवात नोंदींपासून करा. गेल्या पाच वर्षांची पावतीबुकं आणि बँकेचं स्टेटमेंट एक्सेलमध्ये उतरवून घ्या. एका पावतीला एक ओळ. तारीख, पूर्ण नाव, मूळ गाव, सध्याचं शहर, मोबाइल, रक्कम, कशासाठी दिली आणि कुणाच्या ओळखीने आली. हा शेवटचा रकाना गाळू नका, पुढे फोन कुणी करायचा ते त्यावरच ठरतं. ज्यांनी पैसे न देता धान्याचं पोतं किंवा सिमेंटच्या गोण्या दिल्या, त्यांचीही अंदाजे किंमत लिहून ओळ घ्या.

मग नावं जुळवायची. सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि तो जाऊ द्यावा, कारण हे चुकलं तर पुढचं सगळं गणित चुकतं. आपल्याकडे पाटील, महाजन, चौधरी एवढे की नाव आणि आडनाव दोन्ही सारखं असलेले चार जण एका तालुक्यात सहज निघतात. उलट एकाच माणसाच्या पावत्या चार नावांनी असतात: एकीवर आद्याक्षरं, दुसरीवर नुसतं ‘अण्णासाहेब’, तिसरीवर पत्नीचं नाव, आणि यूपीआयने आलेली रक्कम मुलाच्या खात्यातून. गावाचंही तसंच, बुद्रुक की खुर्द हे लिहिलेलंच नसतं. म्हणून नावावर विसंबू नका. मोबाइल आणि मूळ गाव मिळून ओळख पक्की करा, प्रत्येकाला एक देणगीदार क्रमांक द्या. उरलेल्या संशयास्पद ओळींची मोठ्या अक्षरात प्रिंट काढा आणि वर्षानुवर्षं वर्गणी गोळा करणाऱ्या नानांसोबत बसा. ते ज्या ओळी जुळवून देतील त्या कुठल्याही सूत्राने जुळणार नाहीत.

आता गुण द्यायचे. पिव्हट टेबल (एक्सेलमधली नोंदींचा गोषवारा काढायची सोय) लावून प्रत्येकाची शेवटची तारीख, एकूण वेळा आणि एकूण रक्कम काढा. तिन्ही रकाने एकेक करून उतरत्या क्रमाने लावा, यादीचे पाच समान भाग करा. वरच्या भागाला ५, खालच्याला १, आणि शेवटी प्रत्येकाच्या तिन्ही गुणांची बेरीज. टपालाने माल विकणाऱ्या कंपन्यांची ही जुनी पद्धत, देणग्यांनाही ती चांगली लागू पडते.

मी मात्र ‘किती वेळा’चे गुण दुप्पट धरतो. समजा, एकाने चार वर्षांपूर्वी सत्कारात ५१,००० दिले आणि नंतर काहीच नाही. दुसरा सुरतेत नोकरी करतो, दर आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) गावी येतो आणि पाच वर्षांत ५०१, ५०१, १,१०१, १,१०१, २,१०१ देऊन गेला. एकूण रकमेत पहिला कितीतरी पुढे, पण संस्थेशी नातं दुसऱ्याचं आहे आणि त्याची रक्कम चढती आहे. मी पहिला फोन त्याला करीन. अशा चढत्या रकमांची यादी वेगळी ठेवा. सलग तीन वर्षं देऊन थांबलेल्यांची दुसरी, आणि सुरत, पुणे, नाशिक अशी शहरवार तिसरी.

इथे आपल्या भागाचा हिशेब सांभाळावा लागतो. एप्रिल ते मार्च हे वर्ष पगारदारांचं. कापूसवाल्याच्या हातात पैसा दसरा-दिवाळीनंतर खेळतो. त्यामुळे शेतकरी देणगीदारांचं वर्ष आखाजी ते आखाजी मोजा. ज्या वर्षी बोंडअळीने कापूस नेला किंवा वादळाने रावेर-यावलकडच्या केळीबागा आडव्या केल्या, त्या वर्षीच्या रिकाम्या रकान्यावरून कुणालाही ‘थांबलेला’ ठरवू नका. तो माणूस अडचणीत होता, एवढंच.

यादीवर भरवसा ठेवण्याआधी ती तपासा. आजच्या मोठ्या देणगीदारांच्या शेवटच्या दोन वर्षांच्या पावत्या झाका आणि त्याआधीच्या नोंदींवरून गुण काढा. ते वर येत असतील तर पद्धत चालते. येत नसतील तर गुणांचं वजन बदलून पुन्हा पाहा.

वरची वीस-पंचवीस नावं ओळखीच्या सभासदांत वाटून द्या. पहिला फोन फक्त आभाराचा असावा: दिलेल्या पैशाचं काय झालं ते सांगायचं, मागायचं काहीच नाही. बोलणं झालं की त्याच दिवशी शीटमध्ये टिपून ठेवा.

ही यादी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका आणि जातीचा रकाना तर मुळीच करू नका. लोकांनी विश्वासाने दिलेली माहिती आहे ती. पॅन वेगळ्या, कुलूपबंद फाइलमध्ये ठेवा. देणगीवर आयकरातली ८०-जीची सवलत हवी असेल तर २,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम रोखीने देऊन चालत नाही, हे देणगीदाराला आधीच सांगा.

परदेशातल्या नावापुढे नागरिकत्व लिहायलाच हवं. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली रक्कम परकीय देणगी ठरत नाही. पण अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या गावच्याच मुलाची ठरते, आणि संस्थेकडे एफसीआरए (परकीय देणग्यांचा कायदा) खालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर ती घेता येत नाही.