पहिल्या वलगणीआधी: ओढ्यातल्या छोट्या माशांच्या अभ्यासाची तयारी

सह्याद्रीच्या ओढ्यांतल्या खवली, मळ्या, रास्बोरा अशा बोटभर माशांची वीण बहुतांशी पावसाला बांधलेली असते. वलगण चढली, म्हणजे पहिल्या पावसात मासे प्रवाहाविरुद्ध वर चढू लागले, की अंड्यांनी भरलेल्या माद्या काही दिवसांतच रिकाम्या होऊ लागतात. महिन्यातून एकदाच नमुना घेणाऱ्याच्या हातून नेमके हेच दिवस निसटतात. म्हणून जमवाजमव मे संपायच्या आत उरका आणि जून-जुलैत दर आठवड्याला जायची सोय आधीच करून ठेवा.

वेळ खातात ते कागद. राखीव जंगल किंवा अभयारण्य असेल तर वनखात्याची लेखी परवानगी लागते. गावात ग्रामपंचायत आणि जैवविविधता व्यवस्थापन समितीला आधी भेटून या. देवाच्या कोंडीत, म्हणजे देवासाठी राखलेल्या डोहात, जाळं टाकायचं नाही. महाडकडच्या वाळणकोंडीसारख्या जागा लोकांनी राखलेल्या आहेत.

जागा उन्हाळ्यातच ठरवा. ३० ते ५० मीटरचा पट्टा पुरतो, पण त्यात डोह आणि खळाळ दोन्ही हवेत. मळ्या वाहत्या पाण्यातल्या दगडांना धरून राहतो, रास्बोरा संथ पाण्यात. मोजणीसाठी पट्ट्याची दोन्ही टोकं ५ मिमी आसाच्या (भोकांच्या) जाळ्याने बंद करा आणि खालची दोरी दगडांनी दाबा. मग तितकाच वेळ, तीच माणसं, तीच जाळी अशा तीन फेऱ्या. प्रत्येक फेरीचे मासे वेगळ्या बादलीत. पहिल्या फेरीत ६० आणि दुसरीत ३० मिळाले तर ६० चा वर्ग भागिले पहिल्या दोन फेऱ्यांतला फरक, म्हणजे ३०: पट्ट्यात साधारण १२० मासे. तिसरीत १५ च्या आसपास आले की हिशेब जुळला. दुसरीत पहिलीपेक्षा जास्त आले तर सूत्र वापरूच नका. जाळ्याखालून मासे ये-जा करताहेत किंवा पहिल्या फेरीत हात आखडला होता.

ही पद्धत कमी पाण्याची. पुरात आडवं जाळं टिकत नाही, तेव्हा एकूण संख्येचा नाद सोडून काठालगत हातजाळी आणि बांबूचे सापळे यांवर फक्त विणीचे नमुने घ्या. दोन्ही आकडे एका आलेखात मिसळू नयेत.

भुलीसाठी लवंगतेल चालतं, पण थेट ओतलं तर तवंग धरतं. १ मिली तेल ९ मिली अल्कोहोलमध्ये मिसळा आणि त्यातलं ३ मिली १० लिटर पाण्यात घाला. मोजून झालेला मासा लगेच स्वच्छ पाण्याच्या बादलीत. तिथे बॅटरीवरचा हवेचा पंप हवाच. पोट उघडून पाहण्यासाठी महिन्याला एका जातीचे २०-३० मासे पुरेत, ओढा लहान असेल तर त्याहूनही कमी. त्यात बारीक मासेही असू द्या, नाहीतर मासा कोणत्या लांबीला वयात येतो ते कळणार नाही.

वजनकाट्यावर पैसे वाचवू नका. जननग्रंथीचं वजन भागिले शरीराचं वजन गुणिले १०० हा विणीची तयारी दाखवणारा निर्देशांक. २ ग्रॅमच्या मादीचं अंडाशय ०.२ ग्रॅम असेल तर तो १० येतो. ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर एका पायरीची चूक अंडाशयात ५ टक्के होते, नराच्या ०.०२ ग्रॅमच्या वृषणात थेट ५० टक्के! १ मिलिग्रॅमचा काटा घ्या आणि तोही प्रयोगशाळेतच वापरा. ओढ्याकाठी वाऱ्याने आकडा नाचतो. ताज्या माशाचं वजन की फॉर्मलिनमध्ये टिकवलेल्याचं, हे एकदा ठरलं की वर्षभर तेच.

नमुने टिकवायला बाजारातल्या फॉर्मलिनचा १ भाग आणि पाण्याचे ९ भाग. पोटाला चीर द्या, नाहीतर द्रव आत पोचेपर्यंत अंडाशय सडतं. डीएनएसाठी माशाच्या पराचा (फिनचा) तुकडा त्याआधीच ९५ टक्के अल्कोहोलमध्ये. चिठ्ठी पेन्सिलीने लिहून बाटलीच्या आत टाका; बाहेरची शाई अल्कोहोलने पुसते.

अंड्यांचा व्यास मोजायला सूक्ष्मदर्शकाला मोजपट्टीचं भिंग लागेल. एकाच अंडाशयात लहान-मोठ्या अंड्यांचे गट दिसले तर मादी टप्प्याटप्प्याने अंडी घालते. सगळी मोजून ती एका खेपेची म्हणू नका. डासांसाठी सोडलेले गप्पी आले तर त्यांचा तक्ता वेगळा: ते पिल्लं देतात, साधारण महिन्याला एक वेत, म्हणून तिथे गर्भ मोजायचे.

एक माणूस फक्त वरच्या अंगाकडे लक्ष ठेवायला नेमा. पाणी अचानक गढूळ होऊन पालापाचोळा वाहू लागला की सामान तिथेच टाकून वर चढा. ज्याच्या पायाला जखम असेल त्याने पाण्यात उतरूच नये. कोकणात पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस (प्राण्यांच्या मुताने दूषित पाण्यातून जखमेवाटे होणारा आजार) असतो, आणि नंतर ताप आला तर डॉक्टरांना ओढ्यात काम केल्याचं आधी सांगा.